हॉडनेटचा पाळक जयपूरच्या वाटेवर
(बिशप रेजिनाल्ड हेबर : १७८३–१८२६)

त्रैक्याच्या रविवारी मंडळीबरोबर उभे राहून आपण ‘होली, होली, होली’ हे स्तुतिगीत इंग्रजीत किंवा आपल्या भाषेतील अनुवादात गातो, तेव्हा त्याच्या रचनाकाराचे नाव सहसा आपल्या ध्यानी येत नाही. गीत ओठांवर राहते आणि माणूस विस्मरणात जातो. भक्तिगीतांच्या बाबतीत हे स्वाभाविकच आहे. कदाचित त्या रचनाकारालाही तेच आवडले असते. परंतु हे गीत ज्याने लिहिले तो मनुष्य आपल्या देशात राहिला, आपल्या मुंबईत व पुण्यात येऊन गेला आणि याच देशाच्या मातीत विसावला. ३ एप्रिल २०२६ हा त्याच्या मृत्यूचा दोनशेवा स्मृतिदिन. त्या निमित्ताने त्याची ओळख करून घेणे उचित होईल.

आपण आरंभ करू जयपूरपासून. सन १८२५ च्या जानेवारीचा अखेरचा आठवडा. थंडीचे दिवस. आग्ऱ्याकडून निघालेला एक काफिला फत्तेपूर सिक्री व भरतपूर मागे टाकून जयपूरच्या तटाशी येऊन पोहोचतो. हत्ती, उंट, घोडी, तंबू वाहणारे लोक, संरक्षणासाठी दिलेले शिपाई असा सगळा लवाजमा आहे. त्याचा प्रमुख मात्र सरदार नाही की सेनापती नाही. तो कलकत्त्याचा बिशप आहे. त्याचे वय एकेचाळीस. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इंग्लंडातील एका आडगावात तो पाळक होता. त्या गावाचे नाव हॉडनेट.

हॉडनेट समजले तरच हेबर समजतात. त्यांनी त्या गावातून काय आणले आणि कोणती गोष्ट त्यांना मागे टाकता आली नाही, हाच या चरित्राचा गाभा आहे.

गाव आणि घराणे

श्रॉपशायर हा इंग्लंडच्या पश्चिमेचा, वेल्सच्या सीमेला लागलेला शेतीप्रधान प्रांत. त्यात मार्केट ड्रेटन नावाच्या बाजारगावापासून काही मैलांवर हॉडनेट वसले आहे. तांबूस दगडाचे, अष्टकोनी मनोरा असलेले संत लूकचे जुने मंदिर, जवळच जमीनदाराचा वाडा, आणि सभोवती कुळांची घरे व कुरणे. इंग्लंडच्या खेड्यांत ‘पॅरिश’ म्हणजे केवळ उपासनेची मंडळी नव्हे. गावचे जन्म, विवाह व मृत्यू तिच्या वहीत नोंदले जात आणि गरिबांच्या पोटापाण्याची चिंताही तिच्याकडेच असे. आपल्याकडील ग्रामसंस्था आणि मंडळी एकत्र केली, तर तिची थोडीफार कल्पना येईल.

हा वाडा व जमीन पूर्वी व्हर्नन घराण्याची. याच घराण्यातील एलिझाबेथ व्हर्नन ही शेक्सपियरचा आश्रयदाता जो साउदॅम्प्टनचा अर्ल, त्याची पत्नी झाली. पुढे अठराव्या शतकात ही मालमत्ता यॉर्कशायरच्या हेबर घराण्याकडे आली आणि मालमत्तेबरोबर गावचा पाळक नेमण्याचा हक्कही आला. हा हक्क एखाद्या वतनासारखा घराण्यात चाले. थोरल्या मुलाने वाडा सांभाळावा आणि धाकट्याने मंदिर, अशी ती रीत. आज आपल्याला ती चमत्कारिक वाटेल, परंतु त्या काळी तेथे कोणालाही तिचे नवल वाटत नसे.

या भागाचा हिंदुस्थानाशी असलेला आणखी एक संबंध वाचकांनी ध्यानात ठेवावा. हॉडनेटच्या शेजारीच मॉर्टन से नावाचे खेडे आहे. प्लासीच्या लढाईचा विजेता रॉबर्ट क्लाइव्ह त्या गावचा. १७७४ साली त्याला तेथील मंदिरातच पुरण्यात आले. ज्या मुलखातून क्लाइव्ह तलवार घेऊन हिंदुस्थानात आला, त्याच मुलखातून पुढे हेबर बायबल घेऊन आले. दोघांना येथे आणणारी वाट एकच होती, ईस्ट इंडिया कंपनीची. हेबरांच्या आयुष्यातील पुष्कळसे ताणतणाव या एका वस्तुस्थितीत सामावलेले आहेत.

रेजिनाल्ड हेबर यांचा जन्म २१ एप्रिल १७८३ रोजी चेशायरमधील मालपस या गावी झाला. त्यांचे वडील तेथे पाळक होते आणि हॉडनेटचे पाळकपदही त्यांच्याकडेच होते. थोरला सावत्र भाऊ रिचर्ड पुढे ग्रंथसंग्राहक म्हणून युरोपभर गाजला. त्याने जमवलेल्या पुस्तकांनी अनेक घरे भरून गेली होती. रेजिनाल्ड ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात शिकले. १८०३ साली तेथील कवितास्पर्धेत ‘पॅलेस्टाइन’ या त्यांच्या दीर्घकाव्याला पारितोषिक मिळाले आणि विसाव्या वर्षी त्यांचे नाव झाले. प्रसिद्ध लेखक वॉल्टर स्कॉट यांनी सकाळच्या न्याहारीच्या वेळी ती कविता ऐकली. शलमोनाचे मंदिर हातोड्याचा आवाज न होता उभे राहिले, ही शास्त्रातील गोष्ट कवितेत यायला हवी, असे त्यांनी सुचवले, आणि हेबरांनी तेथेच त्या ओळी रचल्या, असे सांगतात.

शिक्षणानंतर त्यांनी आपला मित्र जॉन थॉर्नटन याच्याबरोबर स्वीडन, रशिया, क्रिमिया असा दूरचा प्रवास केला. मॉस्को पाहिले. हा प्रवास पुढे जयपुरात त्यांना आठवणार होता. मागे वडील १८०४ सालीच वारले होते आणि हॉडनेटची जागा त्यांची वाट पाहत होती. १८०७ साली दीक्षा घेऊन ते गावी आले आणि सोळा वर्षे तेथेच राहिले.

सोळा वर्षांचे पाळकपण

वाचकहो, विद्यापीठात कीर्ती मिळवलेल्या, भावाच्या जमीनदारीच्या छायेत वाढलेल्या तरुणाने खेड्यात सुखासीन आयुष्य घालवले असते, तरी त्या काळी त्याला कोणी दोष दिला नसता. तसे पाळक पुष्कळ होते. हेबर मात्र घरोघर जाणारे पाळक झाले. रोग्यांच्या खोलीत, गरिबांच्या आश्रमात, साथीच्या दिवसांतही ते जात राहिले. अशाच एका साथीत ते स्वतः आजारी पडले. मुलांना शिकवणे, वृद्धांशी पिकापाण्याच्या गोष्टी करणे, भांडणे मिटवणे, हा त्यांचा नित्यक्रम होता.

१८०९ साली त्यांचा विवाह अमीलिया शिपली यांच्याशी झाला. त्या सेंट आसफ येथील डीन शिपली यांच्या कन्या. त्यांची आत्या ॲना मारिया ही सर विल्यम जोन्स यांची पत्नी. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे आणि कालिदासाचे शाकुंतल इंग्रजीत आणणारे तेच जोन्स. म्हणजे या पाळकाच्या घरातही हिंदुस्थानची गोष्ट नातेसंबंधाने येऊन बसली होती. विवाहानंतर बरीच वर्षे त्यांना मूल नव्हते. १८१८ मध्ये कन्या झाली. तिचे नाव बार्बरा ठेवले. ती सहा महिन्यांतच देवाघरी गेली. ज्या पाळकाने इतरांच्या लेकरांना मूठमाती दिली होती, त्याला आता आपल्या लेकराच्या कबरेपाशी उभे राहावे लागले.

हेबरांची गीते जन्मली ती याच गावी. त्या वेळी इंग्लंडच्या अधिकृत मंडळीत उपासनेच्या वेळी मुख्यतः छंदोबद्ध स्तोत्रेच गात. नवी रचलेली गीते गाणे हे पंथांतर केलेल्या मेथडिस्टांचे काम, अशी समजूत होती. हेबरांना दिसले की आपल्या मंडळीतील शेतकरी व मजूर प्रवचनाने हलत नाहीत, पण गाण्याने हलतात. म्हणून ख्रिस्ती वर्षाच्या प्रत्येक रविवारच्या शास्त्रपाठाला जुळेल असे एकेक गीत असावे, ही योजना त्यांनी आखली. १८११ पासून काही गीते छापली गेली. पूर्वेकडील ज्ञानी लोकांच्या ताऱ्याचे गीत त्याच काळातले. त्रैक्याचे गीतही याच मालिकेतील. सगळ्या संग्रहाला वरिष्ठांची मान्यता मिळावी म्हणून त्यांनी प्रयत्न केला, पण अधिकृत परवानगी मिळाली नाही. संग्रह ते गेल्यानंतर, १८२७ साली, त्यांच्या पत्नीने छापून प्रसिद्ध केला. त्रैक्यगीताची आज सर्वत्र म्हटली जाणारी चाल तर १८६१ ची, डाइक्स यांची.

एक गीत आणि त्याचा काटा

हेबरांच्या एका गीताविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. १८१९ च्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाला ते आपल्या सासऱ्यांकडे रेक्सम येथे गेले होते. परदेशांतील सुवार्ताकार्यासाठी त्या दिवशी देशभर वर्गणी गोळा व्हायची होती. सासऱ्यांनी सुचवले, आणि जावयाने थोड्याच वेळात एक गीत लिहून दिले. ग्रीनलंडच्या बर्फापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत आणि सिलोनच्या सुगंधी वाऱ्यापर्यंत सगळे जग त्यात येते. तेथील लोक सुवार्तेची वाट पाहत आहेत, असा त्याचा आशय. ते गीत शंभर वर्षे जगभरच्या मिशनसभांमध्ये गायिले गेले.

पण त्याच गीतात सिलोनच्या निसर्गाची स्तुती करून तेथील मनुष्य तेवढा अधम ठरवला आहे, आणि मूर्तिपूजकांना आंधळे म्हटले आहे. हेबर यांनी तोवर सिलोन पाहिले नव्हते, हिंदुस्थानही नाही. इंग्लंडच्या एका गावात बसून त्यांनी परक्या माणसाचे चित्र काढले होते. त्या वेळच्या सज्जन, प्रेमळ ख्रिस्ती लोकांची समजूत तशीच होती, आणि हेबर त्यांच्यातील एक होते.

चार वर्षांनी देवाने त्यांना ते चित्र प्रत्यक्षाशी ताडून पाहायला पाठवले.

निरोप

कलकत्त्याचे पहिले बिशप मिडलटन १८२२ मध्ये वारले. कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष विल्यम्स-विन हे हेबरांचे मित्र. त्यांनी ती जागा हेबरांना देऊ केली. हेबरांनी नकार दिला. तान्ही मुलगी एमिली घरात होती. पूर्वी एक मूल गमावलेले. हिंदुस्थानच्या हवेत युरोपीय लेकरे टिकत नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु नकाराचे पत्र गेल्यावर त्यांच्या मनाला चैन पडेना. आपण घराच्या सुखासाठी हाक नाकारली काय, हा प्रश्न त्यांना सोडीना. शेवटी त्यांनी पुन्हा लिहून होकार कळवला.

१८२३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हॉडनेटच्या मंदिरात शेवटचे प्रवचन केले. गावाने लहानथोर सर्वांकडून वर्गणी काढून त्यांना चांदीचे पात्र भेट दिले. १ जून रोजी लंडनमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली, जूनमध्येच जहाज निघाले आणि ऑक्टोबरमध्ये ते कलकत्त्यास उतरले. त्यांचा नवा ‘पॅरिश’ म्हणजे सारा हिंदुस्थान, सिलोन, आणि वर ऑस्ट्रेलियाही! एका माणसाच्या हाती इतका मुलूख सोपवणारी व्यवस्था कागदावरच शक्य होती. हेबर मात्र तो मुलूख पायी तुडवायला निघाले.

१५ जून १८२४ रोजी पत्नी व दोन मुली यांना कलकत्त्यात ठेवून त्यांनी नावेतून प्रवास सुरू केला. धाकटी हॅरिएट त्याच वर्षी जन्मली होती. बरोबरचे चॅप्लेन मार्टिन स्टो ढाक्यातच तापाने वारले. प्रवासाच्या आरंभीच सोबती गेला. हेबर पुढे निघाले. काशी, अलाहाबाद, लखनौ, अल्मोडा, मेरठ, दिल्ली, आग्रा. जेथे जेथे मूठभर ख्रिस्ती भेटत तेथे उपासना, बाप्तिस्मा, दृढीकरण. रोजच्या रोज ते पत्नीसाठी दैनंदिनी लिहीत. पत्नीने १८२८ साली प्रसिद्ध केलेले त्यांचे गाजलेले प्रवासवर्णन ते हेच.

जयपूर

अशा रीतीने ते जयपूरला आले. जयपूर हे तेव्हा अवघे शंभरेक वर्षांचे शहर. सवाई जयसिंह महाराजांनी १७२७ मध्ये त्याचा पाया घातला. विद्याधर यांनी आखलेले सरळ, रुंद रस्ते, नऊ चौकड्यांची मांडणी, आणि मध्यभागी राजवाडा व वेधशाळा. खगोलशास्त्राच्या ओढीने जयसिंहांनी पोर्तुगालपर्यंत माणसे पाठवली होती आणि जेझुइट धर्मगुरूंना आपल्या दरबारी बोलावले होते. त्यांपैकी बव्हेरियाचे फादर गाबेल्स्पर्गर १७४१ मध्ये जयपुरातच वारले. म्हणजे हेबर येण्याच्या कितीतरी आधी एका हिंदू राजाने ख्रिस्ती विद्वानांना सन्मानाने घरी बोलावले होते. हॉडनेटच्या गीतातील चित्रात अशा राजाला जागा नव्हती.

१८२५ मध्ये या राज्याची अवस्था नाजूक होती. राजे जगतसिंह १८१८ मध्ये वारले; त्यांचा मुलगा त्यांच्या मृत्यूनंतर जन्मला. तो अजून सहा वर्षांचाही नव्हता, आणि त्याची आई पडद्याआडून कारभार पाहत होती. इंग्रजांचा रेसिडेंट आणि दरबार यांचे संबंध ताणलेले होते. हेबरांना तटबंदी पाहून मॉस्कोचे क्रेमलिन आठवले. डोंगरातील आमेरचा जुना राजवाडा पाहून ते थक्क झाले. त्यांनी युरोपातील राजवाडे पाहिले होते. त्यांहून मोठी दालने, त्यांहून शुद्ध वास्तुशैली त्यांना माहीत होती. परंतु जागेचे रानटी सौंदर्य, नक्षीची श्रीमंती आणि दालनांचे वैचित्र्य या बाबतींत आमेरच्या तोडीचे आपण काही पाहिले नाही, असे त्यांनी निःसंकोच नमूद केले. त्याच किल्ल्यातील देवीपुढे बकऱ्याचा बळी दिला जातो, हेही त्यांनी पाहिले व त्यांचे मन विटले. दोन्ही गोष्टी त्यांनी लिहिल्या. एकीसाठी दुसरी लपवली नाही.

महाराष्ट्रीय वाचकाला त्या पानांतील एक गोष्ट बोचेल. राजपुतान्याच्या उजाड गावांची कारणे सांगताना अमीरखान व पेंढारी यांच्याबरोबर मराठ्यांच्या फौजांचे नावही तेथे येते. आपण ज्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकत वाढलो, त्यांची दुसरी बाजू जयपूर-मेवाडच्या शेतकऱ्याने सोसली होती. परक्याच्या डोळ्यांतील कुसळ दाखवताना आपल्या डोळ्यांतील मुसळ पाहावे, ही प्रभूची शिकवण राष्ट्रांनाही लागू आहे.

जयपूरच्या पुढे अजमेर, नसिराबाद, चितोड, नीमच या वाटेने जाताना हॉडनेटचा पाळक त्यांच्यात सतत जागा असलेला दिसतो. विहिरी किती खोल आहेत, पीक कसे आहे, शेतकरी किती सारा भरतो, हे ते विचारत. ज्यांना सर्वजण दरोडेखोर म्हणत त्या भिल्लांविषयी त्यांनी सहानुभूतीने लिहिले. हे या भूमीचे मूळ रहिवासी असून त्यांना डोंगरात लोटले गेले आहे, हे त्यांनी ओळखले. हिंदुस्थानचे लोक चपळ बुद्धीचे व मायाळू आहेत, अशी नोंद त्यांनी पुन्हा पुन्हा केली, आणि इंग्रजांचा त्यांच्याशी वागण्यातील ताठा त्यांना खटकला. शेताच्या एकूण उत्पन्नातील निम्मा वाटा सरकार घेते आणि अशा साऱ्याखाली कोणताही शेतकरी वर येणार नाही, असे त्यांनी १८२६ मध्ये थेट आपल्या वरिष्ठ मित्राला, विन यांना, कळवले. पुढे रमेशचंद्र दत्त यांनी इंग्रजी अमदानीचा आर्थिक इतिहास लिहिताना या साक्षीचा आधार घेतला.

नडियाद, मुंबई, पुणे

२६ मार्च १८२५ रोजी गुजरातेत नडियाद येथे त्यांची सहजानंद स्वामींशी, म्हणजेच स्वामिनारायणांशी भेट झाली. दोघेही धर्मगुरू, आणि दोघांच्याही बरोबर हत्यारबंद घोडेस्वार! हे दृश्य पाहून हेबर मनात ओशाळले. स्वामींचे स्वार प्रेमापोटी आलेले होते. आपले स्वार मात्र सरकारी हुकमाने आलेले असून त्यांना आपण कोण हेही धड ठाऊक नाही, हा फरक त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवला. स्वामींच्या मूर्तिपूजेविषयी व जातिविचाराविषयी त्यांची निराशा झाली. तरीही, कोणामागे लोक प्रेमाने चालतात आणि कोणामागे बळाने, हा प्रश्न एका बिशपाने स्वतःला विचारावा, ही लहान गोष्ट नव्हे.

एप्रिलमध्ये ते मुंबईस पोहोचले. पत्नीही समुद्रमार्गे तेथे आल्या. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. ठाण्याचे सेंट जेम्स मंदिर आणि पुणे छावणीतील सेंट मेरी मंदिर यांचे समर्पण त्यांच्या हस्ते झाले. भायखळ्याच्या शाळेची कोनशिला त्यांनी बसवली. कार्ल्याची व घारापुरीची लेणी पाहिली. पेशवाई जाऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल मुंबईत मराठीतून सुवार्ता सांगत होते, आणि स्कॉटिश मिशनरी कोकणात शाळा चालवीत होते. आपल्या मराठी मंडळीची ती पहिली पाऊलवाट होती. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या मुलखात पटकीने वारले आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत हेबरही गेले.

भारतीय हातांवर हात

हेबरांचे मोठे कार्य कोणते, असे विचारले तर अनेक जण गीतांचे नाव घेतील. मला वाटते, भारतीय मंडळीच्या दृष्टीने ते दुसरेच आहे. बिशप मिडलटन यांना देशी मनुष्याला दीक्षा देण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला आहे, असे वाटत नव्हते. हेबर येताना पार्लमेंटने १८२३ साली तो अडसर दूर केला होता. १८२४ मध्ये त्यांनी कलकत्त्यात ख्रिस्तियन डेव्हिड या तमिळ सेवकाला दीक्षा दिली, आणि १८२५ च्या अखेरीस आग्ऱ्याचे अब्दुल मसीह यांना. अब्दुल मसीह हे हेन्री मार्टिन यांच्या सेवेचे फळ. इस्लाममधून येऊन त्यांनी आग्ऱ्यात मंडळी उभी केली होती. आज आपले बिशप, आपले पाळक भारतीय आहेत, हे आपण गृहीत धरतो. ते गृहीत धरता यावे म्हणून कोणीतरी प्रथम ते हात डोक्यावर ठेवावे लागले.

१८२६ च्या आरंभी ते दक्षिणेस गेले. २६ मार्च रोजी, पुनरुत्थानाच्या दिवशी, ते तंजावरात होते. श्वार्ट्झ यांनी वाढवलेली शेकडो तमिळ ख्रिस्ती माणसे जमली होती, आणि बिशपांनी शिकून घेतलेल्या तमिळ शब्दांत त्यांना आशीर्वाद दिला. दोन दिवसांनी ते तेथील राजांना भेटले. हे राजे म्हणजे भोसले कुळातील दुसरे सरफोजी. श्वार्ट्झ यांचे मानसपुत्र, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे, बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत आपल्या वंशाचा इतिहास कोरवून घेणारे. युरोपच्या शास्त्रज्ञांविषयी व शेक्सपियरविषयी हा मराठी राजा ज्या सहजतेने बोलला, ते ऐकून हेबर चकित झाले. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. पण आपल्या गुरूच्या स्मारकासाठी त्यांनी संगमरवरी शिल्प घडवून घेतले. अधम मनुष्याचे ते जुने चित्र येथे कोठे बसणार होते?

बाकांचा प्रश्न

आता एक अवघड गोष्ट. तंजावरच्या मंडळीत जातीप्रमाणे वेगवेगळ्या जागी बसण्याची चाल होती. तरुण मिशनरी तिच्याविरुद्ध उभे राहिले होते. बिशपांनी चौकशी केली, माहिती मागवली, आणि सौम्यपणे घ्यावे असा कौल दिला. त्यांना वाटले, ही सामाजिक चाल आहे, धर्माची नव्हे; थोरामोठ्यांची बसण्याची जागा वेगळी असते, तसेच हे.

हा विचार त्यांनी कोठून आणला, हे वाचकांनी ओळखले असेल. इंग्लंडच्या खेड्यातील मंदिरात जमीनदाराचा बाक पुढे, कुळांचे मागे आणि गरिबांची जागा त्याहूनही मागे, अशी रचना सर्रास असे. हेबर लहानपणापासून पुढच्या बाकावर बसले होते. ज्या गावाने त्यांना आजाऱ्याच्या खाटेशी बसायला शिकवले, त्याच गावाने बाकांची उतरंड नैसर्गिक मानायलाही शिकवले होते. आमेरच्या भिंतींपुढे त्यांचे एक चित्र फिके पडले. हे दुसरे मात्र तसेच राहिले. चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच मृत्यूने त्यांना गाठले. पुढे १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीत जातिभेद चालणार नाही, असा स्पष्ट आदेश दिला. त्यावर काही लोक मंडळी सोडून गेले, पण आदेश राहिला. या बाबतीत विल्सन योग्य होते आणि हेबर चुकले, असे म्हटल्याने हेबरांचा अनादर होत नाही.

तिरुचिरापल्ली

१ एप्रिल रोजी ते तिरुचिरापल्लीस पोहोचले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सेंट जॉन मंदिरात प्रवचन व दृढीकरण झाले. सोमवारी ३ एप्रिलला पहाटे ते किल्ल्यातील तमिळ मंडळीकडे गेले, तेथे दृढीकरण केले, आणि पायऱ्यांवर उभे राहून जमलेल्या लोकांना आशीर्वाद दिला. मिशनची शाळा पाहिली. ऊन चढले तसे मुक्कामी परतले आणि थंड पाण्याच्या हौदात स्नानाला उतरले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात म्हणून नोकराने पाहिले, तो पाण्यात त्यांचा प्राणहीन देह. बेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला तर झालेच होते. त्रेचाळिसाव्या वाढदिवसाला अठरा दिवस उरले होते. पत्नी दूर कलकत्त्यात होती. सेंट जॉन मंदिरातच त्यांना मूठमाती देण्यात आली. चँट्री या शिल्पकाराने घडवलेली त्यांची स्मारके कलकत्ता, मद्रास व लंडन येथे उभी राहिली, आणि तिरुचिरापल्लीचे महाविद्यालय त्यांचे नाव चालवते.

त्यांचा जयपूरचा प्रवास झाल्याला शंभर वर्षे होत असताना, २८ जुलै १९२५ रोजी, महात्मा गांधींनी कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना रेक्समच्या त्या जुन्या गीताचा उल्लेख केला. देशभर फिरून आपल्याला गरिबांत तो अधमपणा दिसला नाही, असे सांगून त्या ओळीने आपल्याला दुःख झाले, हे त्यांनी कळवले. गांधीजींचे दुःख यथार्थ होते. प्रवासवर्णनाची पाने वाचली, तर वाटते की जयपुराहून पुढे गेलेल्या हेबरांनाही ती ओळ पुन्हा तशीच लिहिता आली नसती. पण गीत गावोगाव गेले होते. ते परत घेणे त्यांच्या हाती नव्हते.

वाचकहो, आपण प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या हॉडनेटचे आहोत. कोणी अहमदनगरच्या खेड्यातले, कोणी वसईचे, कोणी कोल्हापूर-मिरजेचे. आपल्या मंडळीच्या वहीत आपल्या आजोबा-पणजोबांचे बाप्तिस्मे नोंदलेले आहेत. त्या मंडळीने आपल्याला प्रार्थना शिकवली, आजाऱ्याला भेटायला शिकवले. आणि नकळत काही बाकही आपल्या मनात रोवले. लग्न जुळवताना, कमिटी निवडताना, कोणाला पुढे बसवायचे हे ठरवताना ते बाक दिसू लागतात. हेबरांच्या गुणांबद्दल देवाचे आभार मानताना आपले बाकही तपासून पाहू या. येत्या त्रैक्याच्या रविवारी ते गीत म्हणायला आपण उभे राहू, तेव्हा मागच्या बाकावर कोण उभे आहे, हे एकदा वळून पाहिले तर ती उपासनेतील अडचण ठरणार नाही. तोही उपासनेचाच भाग होईल.